गिट आज्ञांचे विवरणसाहित्य

संगणकावरील फायलींत वेळोवेळी होणाऱ्या बदलांची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या कार्यक्रमाच्या आज्ञा कोणत्या, त्या कशा द्यावयाच्या आणि त्यांचे परिणाम काय होतात, हे सांगणाऱ्या अधिकृत लेखनास गिटचे विवरणसाहित्य म्हणतात. बदलांची अशी नोंद ठेवून हवी ती जुनी आवृत्ती पुन्हा मिळविण्याच्या तंत्राला आवृत्ति-नियंत्रण अशी संज्ञा आहे. अनेक व्यक्ती एकाच संहितेवर काम करीत असता कोणी, केव्हा व काय बदलले हे कळावे आणि एकाचे काम दुसऱ्याकडून पुसले जाऊ नये, हा या तंत्राचा हेतू होय.

गिट मुख्यत्वे आज्ञा-ओळीवर चालतो. त्यात पडद्यावरील चित्रे निवडण्याऐवजी कळफलकावरून शब्द टंकून आज्ञा द्याव्या लागतात. चित्रमय कार्यक्रमात पडद्यावरील मजकूर वापरणाऱ्याला थोडेफार मार्गदर्शन करतो. आज्ञा-ओळीवर तशी सोय नसल्याने सर्व भार विवरणसाहित्यावर पडतो. त्यातील एखादे वाक्य संदिग्ध असेल, तर वाचकाच्या कित्येक दिवसांच्या कामावर त्याचा परिणाम होऊ शकतो. कारण गिटच्या काही आज्ञा न नोंदलेले बदल कोणताही प्रश्न न विचारता पुसून टाकतात. (आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकाव्या लागतात, येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

ऐतिहासिक आढावा : संगणकाच्या आज्ञांचे विवरण ठराविक साच्यात लिहिण्याची प्रथा युनिक्स या प्रणालीमुळे रूढ झाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी तयार केलेल्या या प्रणालीच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली. तीत प्रत्येक आज्ञेसाठी स्वतंत्र पृष्ठ असून त्यावर नाव, आज्ञेचे रूप, वर्णन, संबंधित फायली, इतर पृष्ठांचे निर्देश व ज्ञात दोष असे रकाने होते. आपल्या कार्यक्रमातील दोष लेखकाने स्वतःच नोंदविण्याची ही पद्धत उल्लेखनीय आहे.

आवृत्ति-नियंत्रणाच्या साधनांचा आरंभही त्याच प्रयोगशाळेत झाला. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये ‘एससीसीएस’ ही प्रणाली तयार करण्यास सुरुवात केली. त्यानंतर पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांची ‘आरसीएस’ (१९८२), डिक ग्रून यांच्या कामातून निघालेली ‘सीव्हीएस’ (१९८६) आणि २००० मध्ये सुरू झालेली ‘सबव्हर्जन’ या प्रणाली आल्या. यांपैकी शेवटच्या दोहोंत नोंदींचे मूळ भांडार एका मध्यवर्ती ठिकाणी असे व प्रत्येक जण त्यातून आपली कार्यप्रत घेई.

लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याचे काम २००२ पासून ‘बिटकीपर’ या खाजगी मालकीच्या साधनावर चालत असे. त्याच्या विनामूल्य वापराची सवलत २००५ मध्ये काढून घेण्यात आल्यावर लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहावयास घेतला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याची देखभाल जुनियो हामानो यांच्याकडे आली. गिटमध्ये प्रत्येकाजवळ संपूर्ण भांडाराची प्रत असते. म्हणून त्याला वितरित प्रणाली म्हणतात. आरंभी तो इतर साधने बांधण्यासाठी लागणाऱ्या लहान आज्ञांचा संच होता. या मूळ आज्ञांना गिटच्या परिभाषेत ‘प्लंबिंग’ म्हणजे नळकाम व नेहमीच्या वापराच्या आज्ञांना ‘पोर्सिलेन’ म्हणजे नळकामावर बसविलेली चिनी मातीची उपकरणे म्हणतात. विवरणसाहित्याचा मूळ ढाचा नळकाम जाणणाऱ्यांनी घातला. त्यामुळे नवख्या वाचकाला ते अवघड का जाते, याचे एक कारण या इतिहासातच सापडते.

संदर्भपृष्ठाची रचना : गिटच्या प्रत्येक आज्ञेसाठी एक संदर्भपृष्ठ असते. ‘गिट हेल्प’ यापुढे आज्ञेचे नाव टंकल्यास ते उघडते. आज्ञेला ‘-एच’ हा विकल्प जोडल्यास केवळ संक्षिप्त रूप दिसते. पृष्ठाच्या आरंभी आज्ञेचे एका ओळीतील वर्णन, त्याखाली तिची ग्राह्य रूपे, नंतर सविस्तर वर्णन, विकल्पांची यादी व उदाहरणे असा क्रम असतो. रूपे लिहिताना काही चिन्हांचा सांकेतिक उपयोग करतात. कोनी कंसातील शब्दाच्या जागी वाचकाने स्वतःचे नाव वा मूल्य घालावयाचे असते; चौकोनी कंसातील भाग ऐच्छिक असतो; उभी रेघ पर्याय दाखविते आणि तीन टिंबे पुनरावृत्ती दाखवितात. एकटे दुहेरी संयोगचिन्ह आले, तर त्यापुढील सर्व नावे फायलींची समजली जातात. हे संकेत ठाऊक नसलेला वाचक कंसही टंकतो व आज्ञा नाकारली गेल्यावर गोंधळतो.

या पृष्ठांखेरीज संज्ञाकोश, नवशिक्यांसाठी पाठ, नित्योपयोगी आज्ञांचा संक्षेप आणि आज्ञा-ओळीच्या संकेतांवरील टिपण अशी स्वतंत्र पृष्ठेही गिटबरोबर मिळतात. संदर्भपृष्ठ हे शब्दकोशासारखे असते. ज्याला शब्द माहीत आहे त्यालाच ते उपयोगी पडते. पाठ हा क्रमाने शिकविण्यासाठी असतो. एकाच पृष्ठावर ही दोन्ही कामे करू गेल्यास दोन्ही अपुरी राहतात.

मूलभूत कल्पना : गिटच्या बहुतेक आज्ञा तीन जागांच्या संदर्भात समजतात. पहिली जागा कार्यप्रत. ती म्हणजे वापरणारा प्रत्यक्ष संपादित करतो त्या फायली. दुसरी जागा सूची. तिला ‘इंडेक्स’ म्हणतात व पुढील नोंदीत काय जाणार हे तिच्यात ठरते. तिसरी जागा म्हणजे भांडारातील नोंदींचा इतिहास. त्यातील प्रत्येक नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. मुद्रणालयाचा दाखला येथे उपयोगी पडेल. मेजावरील हस्तलिखित ही कार्यप्रत, जुळवून बांधलेला फर्मा ही सूची आणि छापून निघालेला कागद ही नोंद. फर्मा बांधल्यावर हस्तलिखितात केलेली दुरुस्ती छापील कागदावर उमटत नाही. त्याप्रमाणे ‘गिट ॲड’ या आज्ञेने फाईल सूचीत घातल्यानंतर तिच्यात केलेला बदल पुन्हा ‘ॲड’ केल्याखेरीज नेहमीच्या ‘गिट कमिट’ने नोंदला जात नाही.

प्रत्येक नोंदीत त्या क्षणीच्या सर्व फायलींची स्थिती, आधीच्या नोंदीचा निर्देश, लेखकाचे नाव, वेळ व संदेश असतो. नोंदीची ओळख तिच्या आशयावरून गणिताने काढलेल्या अंकाने पटते. रूढ पद्धतीत तो षोडशमान पद्धतीच्या ४० चिन्हांनी लिहितात. ‘शाखा’ म्हणजे एका नोंदीकडे बोट दाखविणारे नाव होय. नवी नोंद झाली की ते पुढे सरकते. ‘हेड’ हा दर्शक सामान्यतः चालू शाखेकडे निर्देश करतो. तो शाखेऐवजी थेट एखाद्या नोंदीकडे निर्देश करीत असल्यास त्या स्थितीला ‘विलग हेड’ म्हणतात. या अवस्थेत केलेल्या नोंदींना कोणत्याही शाखेचे नाव नसते. म्हणून दुसरीकडे जाण्यापूर्वी तेथे नवी शाखा निर्माण करणे इष्ट असते.

संज्ञांची संदिग्धता : एकाच वस्तूला अनेक नावे आणि एकाच नावाचे अनेक अर्थ, हे दोन्ही दोष गिटच्या परिभाषेत आढळतात. सूचीला आरंभी ‘कॅश’ म्हणत. संज्ञाकोशाने हा शब्द कालबाह्य ठरविला असला, तरी ‘--कॅश्ड’ या विकल्पात तो टिकून आहे. शिवाय सूचीत घालण्याच्या क्रियेला ‘स्टेज’ असेही म्हणतात. त्यातच ‘--कॅश्ड’ व ‘--इंडेक्स’ हे विकल्प समानार्थी नाहीत. पहिल्याने आज्ञा केवळ सूचीवर चालते, तर दुसऱ्याने ती कार्यप्रतीबरोबर सूचीवरही चालते. ‘गिट डिफ’ नुसती दिल्यास कार्यप्रत व सूची यांतील फरक दिसतो आणि ‘--कॅश्ड’ जोडल्यास सूची व शेवटची नोंद यांतील फरक दिसतो. सर्व बदल सूचीत घातल्यावर नुसती ‘डिफ’ काहीच दाखवीत नाही, तेव्हा आपले काम नाहीसे झाले असे नवख्या माणसास वाटते. वास्तविक ते सुरक्षित असते.

इतर प्रणालींकडून आलेल्या वाचकांची अडचण वेगळी असते. सबव्हर्जनमध्ये ‘कमिट’ने बदल मध्यवर्ती भांडारात जातात, तर गिटमध्ये ते स्वतःच्या भांडारातच राहतात व दुसरीकडे पाठविण्यासाठी ‘पुश’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. सबव्हर्जनमधील ‘रिव्हर्ट’ कार्यप्रतीतील न नोंदलेले बदल टाकून देते. गिटमधील ‘रिव्हर्ट’ जुन्या नोंदीचा परिणाम रद्द करणारी नवी नोंद करते. शब्द तोच असल्यामुळे आपल्याला अर्थ ठाऊक आहे अशी वाचकाची समजूत होते व तो पृष्ठ उघडूनही पाहत नाही.

चिन्हांच्या बाबतीतही असेच घडते. ‘गिट लॉग’मध्ये दोन नावांमध्ये दोन टिंबे घातल्यास दुसऱ्या शाखेत असलेल्या परंतु पहिलीत नसलेल्या नोंदी दिसतात, तीन टिंबे घातल्यास कोणत्या तरी एकाच शाखेत असलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेगळ्या नोंदी दिसतात. ‘गिट डिफ’मध्ये मात्र दोन टिंबांनी दोन टोकांची थेट तुलना होते आणि तीन टिंबांनी शाखा जेथून फुटल्या त्या समाईक नोंदीपासून दुसऱ्या टोकापर्यंतचा फरक मिळतो. एका आज्ञेचा अनुभव दुसरीला लावला, तर निष्कर्ष चुकतो. तसेच विलीनीकरणात ‘अवर्स’ म्हणजे आपली बाजू व ‘थिअर्स’ म्हणजे दुसऱ्याची बाजू असा अर्थ असतो. परंतु ‘रीबेस’मध्ये आपल्या नोंदी दुसऱ्या शाखेवर नव्याने रचल्या जात असल्याने या बाजू उलट झालेल्या दिसतात. संदर्भपृष्ठात याची सूचना दिलेली आहे.

‘रिसेट’चे उदाहरण : विवरण अचूक असूनही अस्पष्ट कसे असू शकते, हे ‘गिट रिसेट’ या आज्ञेवरून दिसते. तिच्या पृष्ठावर अनेक वर्षे असलेल्या एका ओळीच्या वर्णनाचा आशय ‘चालू हेड दिलेल्या स्थितीला रिसेट करणे’ असा होता. यात व्याख्येसाठी व्याख्येय शब्दच वापरला आहे. शिवाय नेहमीच्या स्थितीत सरकते ती हेडने दर्शविलेली शाखा, हे त्यावरून कळत नाही. तीच गोष्ट तीन जागांच्या आधारे सांगितल्यास सुगम होते : (१) ‘--सॉफ्ट’ या विकल्पाने शाखेचा दर्शक दिलेल्या नोंदीवर जातो, सूची व कार्यप्रत तशाच राहतात. (२) ‘--मिक्स्ड’ने दर्शकाबरोबर सूचीही त्या नोंदीप्रमाणे होते; कार्यप्रत तशीच राहते. कोणताही विकल्प न दिल्यास हाच प्रकार लागू होतो. (३) ‘--हार्ड’ने दर्शक व सूची यांच्याबरोबर कार्यप्रतही बदलते आणि गिटच्या नोंदीत असलेल्या फायलींतील न नोंदलेले बदल नष्ट होतात. आज्ञेपुढे फाईलचे नाव दिल्यास मात्र शाखा मुळीच सरकत नाही. केवळ सूचीतील त्या फाईलची स्थिती पूर्ववत होते. या मांडणीत नवी माहिती काहीच नाही. प्रत्येक प्रकारात काय बदलते, काय तसेच राहते व काय परत मिळत नाही, हे एकाच क्रमाने सांगितले आहे, एवढाच फरक.

आज्ञेचीच पुनर्रचना : कधी कधी वर्णनातील क्लिष्टता आज्ञेच्या रचनेतून आलेली असते. ‘गिट चेकआउट’ या आज्ञेला दोन भिन्न कामे होती. शाखेचे नाव दिल्यास ती दुसऱ्या शाखेवर नेते आणि त्या वेळी न नोंदलेले बदल पुसले जाणार असतील, तर नकार देते. फाईलचे नाव दिल्यास ती त्या फाईलमधील बदल न विचारता टाकून देते. एकच आज्ञा एका रूपात सावध व दुसऱ्या रूपात बेधडक असल्याने तिचे वर्णन ‘किंवा’ या शब्दाशिवाय करता येत नसे. ऑगस्ट २०१९ मध्ये निघालेल्या गिटच्या २.२३ या आवृत्तीत शाखा बदलण्यासाठी ‘स्विच’ व फायली पूर्ववत करण्यासाठी ‘रिस्टोर’ अशा दोन आज्ञा प्रथम प्रायोगिक म्हणून आल्या. जुन्या आज्ञेवर अवलंबून असलेले असंख्य कार्यक्रम मोडू नयेत म्हणून ‘चेकआउट’ही कायम ठेवण्यात आली. यामुळे प्रत्येक नव्या आज्ञेचे पृष्ठ एकाच कामाविषयी बोलू शकते.

मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील सँतियागो पेरेझ दे रोसो व डॅनिएल जॅक्सन यांनी २०१३ मध्ये गिटच्या संकल्पनांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. गिट वापरण्यातील अनेक अडचणींचे मूळ त्याच्या संकल्पनात्मक रचनेत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे खरे मानले, तरी विवरणाची गरज कमी होत नाही. कोट्यवधी फायलींच्या नोंदी ज्या रचनेत साठल्या आहेत, ती सहजासहजी बदलता येत नाही; ती समजावून सांगणे मात्र केव्हाही शक्य असते.

हानी व पुनःप्राप्ती : एखादी चूक किती गंभीर आहे, हे वाचकाला विवरणावरून कळले पाहिजे. एकदा नोंदलेले काम गिटमध्ये सहसा लगेच नष्ट होत नाही. शाखेचा दर्शक चुकीच्या जागी नेला, तरी दर्शकांच्या हालचालींची स्थानिक रोजनिशी ‘रेफलॉग’ या नावाने ठेवलेली असते; तीवरून जुनी नोंद शोधून काढता येते. मूळ व्यवस्थेनुसार या रोजनिशीतील टिपणे ९० दिवस राहतात. ज्या नोंदींपर्यंत चालू शाखेवरून पोहोचता येत नाही त्यांची टिपणे ३० दिवस राहतात. सूचीत घातलेल्या परंतु न नोंदलेल्या फाईलचा आशयही भांडारात काही काळ असतो, पण तो नावाविना शोधावा लागतो. जे कधी सूचीतही गेले नाही ते मात्र ‘रिसेट --हार्ड’ वा ‘रिस्टोर’नंतर गिटच्या साहाय्याने परत मिळत नाही. यामुळे घाबरलेल्या वापरकर्त्याने घाईने आणखी आज्ञा देण्यापूर्वी ‘गिट स्टेटस’ व ‘गिट रेफलॉग’ या केवळ माहिती देणाऱ्या आज्ञा द्याव्यात. पुष्कळदा हानी झालेलीच नसते व ती पुढच्या चुकीच्या आज्ञेने होते.

विवरण सुबोध करण्याचे मार्ग : गिटचे विवरणसाहित्य कार्यक्रमाच्या संहितेबरोबर त्याच भांडारात असते. ‘ॲस्कीडॉक’ या साध्या मजकुरावर आधारित लेखनपद्धतीत ते लिहितात व त्यावरून संदर्भपृष्ठे तयार करतात. आज्ञेतील सुधारणेप्रमाणे विवरणातील सुधारणाही कोणालाही सुचविता येते. जाणकारांनी तपासल्यावर ती स्वीकारली जाते व तिची नोंद इतिहासात राहते. एखादे वाक्य कोणी व कोणत्या कारणासाठी बदलले, हे त्यामुळे पुढेही पाहता येते.

अशा सुधारणेत काही पथ्ये पाळावी लागतात. आज्ञेचे पहिले वाक्य तिच्याच नावाचा आधार न घेता लिहावे. एका वस्तूला सर्वत्र एकच नाव असावे व जुने नाव टाळता येत नसेल, तर ते समानार्थी असल्याचे त्याच ठिकाणी सांगावे. विकल्प दिला नसता काय होते, हे आधी सांगावे. कारण बहुसंख्य वाचकांना तेच हवे असते. कार्यप्रत, सूची व इतिहास यांपैकी काय बदलते, हे प्रत्येक वेळी स्पष्ट करावे. न परतणाऱ्या हानीची सूचना पृष्ठाच्या तळाशी न ठेवता त्या विकल्पापाशीच द्यावी. उदाहरण नेहमीच्या प्रसंगातील असावे आणि त्यापूर्वीची व नंतरची स्थिती दाखवावी.

अचूकता व सुबोधता यांत कधी कधी ओढाताण होते. सर्व अपवाद पहिल्याच वाक्यात सांगू गेल्यास वाक्य कळत नाही. अपवाद गाळल्यास ते चुकीचे ठरते. यावर उपाय म्हणजे नेहमीची वागणूक आधी व अपवाद नंतर स्वतंत्र परिच्छेदात देणे. आणखी एक अडचण अशी की, आज्ञा रचणाऱ्याला तिची संदिग्धता सहसा दिसत नाही. त्याच्या मनात तीन जागांचे चित्र आधीच तयार असते आणि कोणतेही वाक्य तो त्या चित्राच्या साहाय्याने वाचतो. म्हणून विवरण छापण्यायोग्य झाले की नाही, हे ते प्रथमच वाचणाऱ्याकडून तपासून घ्यावे लागते. त्याने विचारलेला ‘ही आज्ञा दिली तर माझी फाईल राहील का?’ हा प्रश्न विवरणसाहित्याची खरी कसोटी असून त्याचे उत्तर ज्या पृष्ठावर सरळ शब्दांत मिळते, ते पृष्ठ आपले काम पुरे करते.